दाराखालची पाचर

४ जून

कारभारणीस,

मामाचा आशीर्वाद आणि सोबत नेहमीची काळजी.

घुम्या परवा सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघाला. पोचला का? त्यालाच विचारलं असतं, पण तो 'हो' आणि 'नाही' याच्या पलीकडे जात नाही आणि फोनवर मला दोन्ही सारखंच ऐकू येतं. म्हणून तुला लिहितो. मामी म्हणते, "पोचला नसता तर परत आला असता." तुमच्या काळजीला पगार असता तर आपण गाडीतून फिरलो असतो, असंही म्हणते. तिचं काय जातं बोलायला.

तू माझ्या पोराला कामाला लावलंस, हे उपकार मी विसरणार नाही. तुझी आई गेली आणि तू आमच्या घरी राहायला आलीस, तेव्हा एवढीशी होतीस. पहिल्याच आठवड्यात तू मला, मामीला आणि घुम्याला कामं वाटून दिलीस. तेव्हापासून तू कारभारीण. आता एवढ्या मोठ्या चिपच्या कारखान्याचा कारभार बघतेस. ऊर भरून येतो. पण तू पाठवलेला फोटो मी भिंगातून पाहिला. सगळी माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत, नुसते डोळे उघडे. इतकं झाकून घ्यावं लागतं, म्हणजे आत आहे तरी काय?

मी दिव्यांच्या कारखान्यात बांधणी खात्यात जन्म काढला. तिथे धूर झाला त्या दिवशी आमच्या खात्याचं दार अडकलं होतं, ती गोष्ट तुम्हा दोघांना पाठ आहे. तेव्हापासून या घरात एकही दार आपोआप लागत नाही, प्रत्येकाखाली मी तासलेली लाकडी पाचर आहे. जाताना घुम्याने न्हाणीघराच्या दाराची पाचर गुपचूप पिशवीत टाकली. मी पाहिलं, पण बोललो नाही. आता ते दार धाडकन आपटतं आणि मामी माझ्यावर ओरडते.

पोचल्याचं कळव.

तुझा मामा


१५ जून

मामा,

नमस्कार. आधी उत्तर, मग बाकीचं. घुम्या पोचला, जेवला, झोपला आणि कामावर रुजू झाला. पहिल्या दिवशी त्याच्या मुकादमाने मला विचारलं, "बाई, तुमच्या भावाला बोलता येतं ना?" मी म्हटलं, येतं, पण तो वापरत नाही.

फोटोतल्या कपड्यांची काळजी सोडा. आपल्याला मालापासून वाचवायला ते घालत नाहीत, मालाला आपल्यापासून वाचवायला घालतात. आपल्या अंगावरून सारखं काहीतरी झडत असतं, केस, कातडीची धूळ. चिपवरची रेघ इतकी बारीक असते की त्यातला एक कण पडला तर ती चिप वाया. त्या खोलीत घाण कोण असेल तर माणूस.

घुम्याला ते कपडेही घालावे लागत नाहीत. तो खालच्या मजल्यावर असतो, पंपांच्या खोलीत. वरच्या यंत्रांना लागणारे वायू तिथल्या नळ्यांतून जातात. पंप बघायचे, नळ्या बघायच्या, आकडे सांगायचे. बोलण्याचं काम नाही, म्हणून त्याला आवडेल.

माझं काम तुम्ही नेहमी विचारता. चिप बनवायची कृती आमच्या मूळ कारखान्यात कित्येक वर्षं खपून बसवलेली आहे. ती तिथून इथे आणायची. त्याचा नियम एकच, हुबेहूब. तिथे नळी जिथे वाकते तिथेच इथे वाकली पाहिजे. पुसायचं फडकंसुद्धा तेच. कोणी शहाणपणा करून काही सुधारायचं नाही, कारण मग माल बिघडला तर कशाने बिघडला ते शोधता येत नाही. अजून आमचा निम्माअधिक माल फुकट जातोय. तो त्यांच्या बरोबरीला आला की मी सुटले. तोवर मोठे साहेब मला रोज सकाळी एकच प्रश्न विचारतात आणि मी रोज एकच उत्तर देते.

मामींना सांगा, घुम्याकडे लक्ष आहे.

तुमची कारभारीण


२७ जून

कारभारणीस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. मालाला आपल्यापासून वाचवायचं, ते मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आणि आपल्याला मालापासून कोण वाचवतं ते लिहिलंय का?" मी म्हटलं, ती शिकलेली आहे, तिने विचार केला असेल.

तुझा हुबेहूबचा नियम मला कळला. चौथीत मी शेजारच्या पोराच्या पाटीवरून उतरवायचो, तेव्हा त्याची चूकही माझ्या पाटीवर यायची. गुरुजी त्यावरूनच पकडायचे. तुमचं तसं नसेल.

खालच्या मजल्यावर म्हणजे जमिनीखाली का? खिडकी आहे का? त्याला विचारलं तर त्याने कार्डावर एवढंच लिहिलं, 'बरं आहे.'

मामा


२ ऑगस्ट

मामा,

हे पत्र जरा वेगळं आहे. रागावू नका, पण तुमची मदत हवी.

घुम्याला दोनदा ताकीद मिळाली आहे. कारण ऐकून तुम्हाला हसू येईल. तो पंपांच्या खोलीच्या दाराखाली तुमची ती पाचर घालतो. ते दार कायम बंद असलं पाहिजे, तसा नियम आहे आणि मूळ कारखान्यातही ते बंदच असतं. शिवाय लाकूड आणायलाच मनाई. आणखी एक ताकीद मिळाली तर त्याला काढतील, आणि माझा भाऊ म्हणून मला मध्ये पडता येणार नाही.

मी त्याला खोलीवर बोलावून विचारलं. भिंतीकडे बघत म्हणाला, "ताई, आत डोकं जड होतं." मी म्हटलं, पंपांचा आवाज केवढा आहे, कोणाचंही डोकं जड होईल. तर म्हणे, "आवाजाने नाही." मग कशाने? तर उठून चपला घालायला लागला. मामा, शोभतो तुमचा मुलगा. लहानपणापासून बंद दाराच्या गोष्टी ऐकून याच्या मनात ती भीती बसली आहे. बाकी कोणाचंही डोकं जड होत नाही.

माझं तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल. चार ओळी लिहा. पाचर काढ, दार लाव, ताई सांगते तसं कर. माल आता बरोबरीच्या जवळ आलाय, अशा वेळी माझ्याच माणसाने नियम मोडलेला मला चालणार नाही.

तुमची कारभारीण


२० ऑगस्ट

कारभारणीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्याची नोकरी गेली तर या वयात मी त्याला कुठे चिकटवू? कोणाला ओळखतो मी?

चूक माझीच आहे. धुराची गोष्ट पोरांना इतक्यांदा सांगायला नको होती. माझी भीती त्याच्या डोक्यात जाऊन बसली, तू म्हणतेस ते खरं आहे. मी त्याला लिहिलं, "तुझी ताई शिकलेली आहे, तिथलं सगळं तिला कळतं. ती सांगेल ते दार लावायचं आणि मनात भलतं आणायचं नाही. माझी शपथ आहे. पाचर मला परत पाठवून दे म्हणजे तुझ्या हाताला मोह नको."

मामीने पत्र पेटीत टाकायच्या आधी वाचलं. म्हणाली, "डोकं जड होतं म्हणतो तो. डॉक्टरला दाखव असं लिहा." मी म्हटलं, डॉक्टरने चिठ्ठी दिली की तिकडे लगेच आजारी म्हणून नाव लागेल. नाही लिहिलं.

काल पाकीट आलं. आत पाचर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चिठ्ठी नाही. पूर्वीसारखी न्हाणीघराच्या दाराखाली घालावी म्हटलं तर मन होईना. फळीवर ठेवली आहे.

तू त्याच्यावर लक्ष ठेव. त्याला ओरडू नको.

मामा


९ सप्टेंबर

मामा,

तुमच्या पत्राने काम केलं. घुम्या आता शहाण्यासारखा वागतो. दार बंद, तक्रार नाही. मुकादम खूश आहे.

आणखी एक गोड बातमी. आमचा माल मूळ कारखान्याच्या अगदी हातभर अंतरावर आला. पुढच्या महिन्यात तिथली मोठी माणसं पाहणीला येणार. सगळं जुळलं तर मी सुट्टी काढून येते आणि घुम्यालाही घेऊन येते. मामींना सांगा, न्हाणीघराचं दार तोवर आपटू दे.

तुमची कारभारीण


११ ऑक्टोबर

कारभारणीस,

माझी दोन पत्रं गेली, तुझं उत्तर नाही. घुम्याचं कार्डही नाही. तो महिन्याला 'बरं आहे' एवढं तरी पाठवतो. शेजाऱ्याकडून तुला फोन लावला, कोणीतरी उचलला आणि ठेवला. पाहणीच्या गडबडीत असशील. पण एक ओळ लिही, नुसती एक ओळ. मामी काही बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणजे तिलाही धास्ती आहे.

मामा


१४ ऑक्टोबर

मामा,

बसून वाचा.

घुम्याला कारखान्यात अपघात झाला. तो जिवंत आहे, धोका टळला आहे. पंपांच्या खोलीत नायट्रोजनच्या नळीचा जोड सुटला. नायट्रोजन विषारी नसतो, आपण श्वासात घेतो त्या हवेत तोच जास्त असतो. पण बंद खोलीत तो भरला की प्राणवायूला जागा उरत नाही. त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही. त्या दिवशी पाहणीला माणसं आली होती, आम्ही सगळे वर होतो. त्या खोलीत दोघांनी मिळूनच जायचं असतं, पण त्याच्या जोडीदारालाही मीच वर बोलावून घेतलं होतं. घुम्या आत पडलेला थोड्या वेळाने सापडला.

तुम्हाला लगेच कळवायला हवं होतं. रोज कागद घेत होते, पण डॉक्टर आज बोलतील, उद्या बोलतील, असं करत दिवस गेले.

आता तो डोळे उघडतो, भरवलं तर खातो. अशक्तपणा आहे, वेळ लागेल. तुम्ही निघू नका. तुम्ही पोचाल तोवर तो इथून निघालेला असेल. कारखान्याची गाडी आणि सोबत एक परिचारिका त्याला घरी आणून सोडतील. मला यायला मिळणार नाही, चौकशी चालू आहे.

चौकशीचे सरकारी तपासनीस कदाचित तुमच्याकडेही येतील. मामा, एक ऐका. पाचरेबद्दल त्यांच्याशी काही बोलू नका. त्याला ताकीद मिळाली होती हे निघालं तर म्हणतील, हा मुळातच नियम मोडणारा मुलगा, आणि सगळं त्याच्यावर ढकलतील. त्याच्या भल्यासाठी सांगते.

कारभारीण


५ नोव्हेंबर

कारभारणीस आशीर्वाद.

घुम्या घरी आला. गाडीतून दोघांनी धरून उतरवला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसवला. वजन उतरलंय, पण चेहरा तोच. मला बरं वाटलं. मामी त्याच्याजवळ बसून खूप बोलली, तो काही बोलला नाही. मी तिला म्हटलं, तो कधी बोलला होता? थकलाय, वर माझ्यावर रागावलाय. शपथ घातली होती ना मी. चार दिवसांत राग जाईल.

तुझे तपासनीस आले. सभ्य माणूस, बूट बाहेर काढून आला. विचारलं, "मुलगा त्या खोलीबद्दल कधी काही बोलला होता का?" मी म्हटलं, "साहेब, तो कशाबद्दलच बोलत नाही." त्यांनी घुम्याकडे बघितलं आणि वही मिटली. पाचर त्यांच्या डोक्यामागच्या फळीवर होती. मामी आत निघून गेली. ते गेल्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

तू सांगितलंस तसं केलं. त्याच्या भल्याचं झालं ना?

एक विचारू का? तुमचं तिथलं आणि इथलं सगळं हुबेहूब. मग त्या कारखान्यात इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही, ते इथेच कसं झालं? मला कळत नाही म्हणून विचारतो.

आणि मुलगा चमचा हातात धरून तसाच बसतो, तोंडात घालायचं त्याला सुचत नाही. हे अशक्तपणाचंच का?

मामा


२६ नोव्हेंबर

मामा,

चौकशी संपत आली आहे. अजून सही झालेली नाही, पण काय ठरणार ते कळलं. खोलीबद्दल आधी कोणाचीही तक्रार नव्हती, त्यामुळे धोक्याची कोणाला कल्पना असणं शक्य नव्हतं. आणि कामगार जोडीदार न घेता एकटा आत गेला, ही त्याची चूक. कारखाना त्याचे उपचार काही महिने बघेल.

माल जुळला. मला इथून आणखी एका नव्या कारखान्यावर पाठवणार आहेत, हेच काम करायला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं टाळणार होते, पण तो प्रश्न रोज सकाळी मोठ्या साहेबांच्या प्रश्नाआधी ऐकू येतो. मी मूळ कारखान्यात जाऊन आले. ती खोली पाहिली. तिथलं दार फार जुनं आहे, झिजून खाली बोटभर फट पडली आहे. तिथेही जोड थोडे गळतात, पण त्या फटीतून हवा येत-जात राहते. आम्ही दार नकाशावरून बनवलं. नकाशात फट नव्हती. आमचं दार नवं आणि इतकं नीट बसणारं की पाहणीला आलेल्या माणसाने त्याचं कौतुक केलं. हवेतला प्राणवायू मोजायचं यंत्र तिथल्या खोलीत नाही, म्हणून आमच्याही खोलीत बसवलं नाही.

चमच्याचं विचारलंत. अशक्तपणाचं नाही, मामा. मेंदूला हवा मिळाली नाही. तो असाच राहील. मला हे चौदा ऑक्टोबरलाच माहीत होतं.

कारभारीण


१० डिसेंबर

कारभारणीस,

आशीर्वाद लिहायला हात थबकला, पण लिहितो. तू या घरात वाढलीस, दिलेला आशीर्वाद मोडता येत नाही.

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. चमच्याचं तिला आधीच माहीत होतं. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, मी त्याला रागावलेला समजत होतो, तर तिने मला तसंच समजू दिलं. मीच एकटा रोज त्याच्यासमोर बसून माफी मागत होतो.

आता काय झालं ते सांगतो. तो आल्यापासून न्हाणीघराचं दार दोरीने बांधलं होतं, गेल्या आठवड्यात वाऱ्याने दोरी सुटली आणि ते धाडकन लागलं. घुम्या खुर्चीतून उठला. इथे आल्यापासून तो स्वतःहून उठलेला नव्हता. फळीपाशी गेला, पाचर घेतली, जाऊन गुडघ्यांवर बसला आणि दाराखाली सरकवली. नंतर तळहाताने दार ढकलून पाहिलं, हलतं का, मी लहानपणी शिकवलं होतं तसं. मग दार उघडं आहे याची खात्री झाल्यावर तिथेच भिंतीला टेकून बसला.

आता तो दिवसभर तेच करतो. इथली पाचर काढतो, दुसऱ्या दाराला लावतो. बाकीच्या दारांच्या पाचरा तो काढून टाकतो, मग दारं जास्त, पाचर एक. मी नव्या तासून दिल्या, त्याही तो घेत नाही. त्याला तीच लागते.

कारभारणी, तो घाबरत नव्हता. तू आणि मी दोघांनी मिळून ठरवलं की तो घाबरतो. त्याचं डोकं खरंच जड होत होतं, आणि त्याच्यापाशी त्यावर एक उपाय होता, तो आपण त्याच्या हातातून काढून घेतला. तू सांगितलंस, मी शपथ घातली. आता चौकशीवाले लिहिणार, कोणाची तक्रार नव्हती. एवढं बोलणारं पोर नव्हतं ते, तरी त्याने तुझ्यासमोर तोंड उघडलं होतं.

मी तपासनीसांना पुन्हा बोलावलं. शेजाऱ्याने फोन लावून दिला. ते आले, तेव्हा घुम्या स्वयंपाकघराच्या दाराशी होता. मी म्हटलं, साहेब, मागच्या वेळी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. मग पाचर दाखवली, म्हणजे त्याच्या हातातली, आणि मी त्याला काय लिहिलं होतं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्हाला असं लिहायला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, ज्याने सांगितलं तो माणूस स्वतः सांगेल. ते म्हणाले, "आणि नाही सांगितलं तर?" मी उठून त्यांच्या चहाचा कप उचलला. सही करायला अजून आठवडाभर थांबतो, म्हणाले.

तुझी पत्रं माझ्याकडे आहेत. मी ती त्यांना दिली नाहीत, देणारही नाही. माझं मी सांगितलं. तुझं तू सांग. त्या नव्या कारखान्यात तुम्ही पुन्हा तोच नकाशा नेणार, आणि त्या खोलीत कोणाचा तरी मुलगा जाणार. रोज याच विचाराने मला जाग येते.

मामी विचारते, ती येणार आहे का? मी म्हटलं, माहीत नाही. तुझा भाऊ तुला ओळखेल असं मी म्हणत नाही, तो मलाही ओळखत नाही. पण यायचं असेल तर ये. वेळ बघू नको, कळवायलाही नको. दार उघडंच असतं. बंद करू तो देत नाही.

मामा